मंडळी गायली पाहिजे: उपासनेतली गीतं निवडण्यापासून म्हणवून घेण्यापर्यंत

चर्चमध्ये हंगामाच्या सणाची, म्हणजे नवं पीक देवाला अर्पण करण्याची, उपासना होती. वेदीपुढे ज्वारीची कणसं, उसाची मोळी, हळकुंडांची पिशवी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या असं सगळं अर्पण मांडलेलं. पेटीवर मी. गीत सगळ्यांच्या ओळखीचं, पण पट्टी मी माझ्या गळ्याला शोभेल अशी धरली: काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा. धृपद निभावलं. अंतऱ्याला सूर वर चढला आणि बाकांवरचे आवाज एकेक करून गळायला लागले. तिसऱ्या कडव्याला माझा एकट्याचा आवाज आणि कोंबड्यांचा. बाहेर चपला घालताना मिरज तालुक्यातल्या एक आजी म्हणाल्या, "लेकरा, लई ग्वाड गायलास. पण आमाला कुटं गाऊ दिलंस?"

त्या प्रश्नाभोवतीच पुढचं सगळं आहे. बायबलमधलं स्तोत्रसंहिता १३६ उघडून पाहा. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाचा दुसरा अर्धा एकच: "त्याची दया सनातन आहे." सांगणारा नवं काहीतरी सांगतो, लोक तेच पुन्हा म्हणतात. लोकांचा वाटा काढला तर स्तोत्र निम्मंच उरतं. आपल्याकडे भजनात पुढचा म्हणतो आणि टाळकरी मागून उचलतात, तशीच ही रचना आहे. पुढे बसणाऱ्याचं काम ऐकवणं कमी आणि म्हणवून घेणं जास्त. सांगली-साताऱ्याकडच्या लहान मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या लोकसमूहांत, 'दुसरं कुणी नाही म्हणून' पेटीवर बसवलेला कुणी ना कुणी असतोच. मीही तसाच बसलो. त्यांच्यासाठी आठवड्याच्या क्रमानं लिहितो.

मंगळवार: पाळकांना फोन

गीतं शनिवारी रात्री निवडू नका. मंगळवारी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन करून दोनच गोष्टी विचारा: वाचन कुठलं आणि प्रभुभोजन आहे का. 'विषय काय' असं विचारलं तर "प्रीती" असं उत्तर येतं आणि प्रीतीवर निम्मं गीतपुस्तक आहे. अध्याय आणि वचनं कळली की हात चालतो.

मग स्वतः तो उतारा वाचा, मोठ्यानं, दोनदा. उताऱ्यात कोण बोलतंय? माणूस देवाशी, देव माणसाशी, की माणसं एकमेकांशी? गीतांतही हेच तीन प्रकार असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की उपासना विस्कळीत वाटते. पापकबुलीच्या प्रार्थनेनंतर लगेच "चला हो चला" छापाचं उत्साहाचं गीत लावलं तर लोक गोंधळतात. का गोंधळले ते त्यांना सांगता येत नाही, इतकंच.

साध्या रविवारी पाच गीतं पुरतात. सुरुवातीचं गीत देवाची थोरवी सांगणारं आणि सगळ्यांना पाठ असलेलं घ्यावं, कारण तेव्हा निम्मी मंडळी एसटीतून उतरून नुकती टेकत असते आणि पुस्तक उघडेपर्यंत दुसरं कडवं आलेलं असतं. कबुलीनंतरचं संथ हवं. संदेशाआधीचं आखूड, दोन कडव्यांचं. अर्पणाच्या गीताला मात्र लांबी लागते. थैली शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत येईस्तोवर ते पुरलं पाहिजे, म्हणून कडवी मोजून घ्या आणि शेवटचं कडवं थैली पुढे येईपर्यंत राखून ठेवा. शेवटचं गीत आशीर्वचनाच्या आधी, उभं राहून. प्रभुभोजन असेल तर आणखी दोन गीतं लागतात, आणि तिथे नवीन काही नको. माणूस भाकर-प्याला घेऊन जागेवर परततो तेव्हा त्याच्या हातात पुस्तक नसतं. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले असं मत्तय २६:३० सांगतो. त्या रात्री काही त्यांच्या हातात पुस्तकं नव्हती.

नवं गीत तीन-चार आठवड्यांत एक. तरुण संघाला हे पटत नाही. त्यांनी मोबाइलवर रोज ऐकलेलं असतं, त्यामुळे ते 'सगळ्यांना येतं' असं त्यांना खरंच वाटतं.

बुधवार: शब्द

चालीकडे वळण्याआधी शब्द नुसते वाचा, पेटी न उघडता. "आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन" असं पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ १४:१५), आणि बुद्धीचा भाग आपल्याकडे हमखास सुटतो. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात जुनी संस्कृत वळणाची मराठी भरपूर आहे. त्राता, करुणासिंधु, पतितपावन हे शब्द आजीला कळतात, नातवाला नाही. शब्द बदलू नका. उपासनेत गीत सांगताना एका वाक्यात अर्थ सांगा. एका वाक्यात, कारण संदेश पाळकांना द्यायचाय.

आता खरी अडचण. आपल्या गीतांच्या दोन जाती आहेत. एक मिशनऱ्यांच्या काळापासून आलेली, इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेली. दुसरी पदं, अभंग, ओव्या, साक्या अशी आपल्या छंदातली. दुसऱ्या जातीचा मोठा कारागीर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ते साताऱ्यातच राहायला होते. 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी मांडला तो १९१७ साली, तिथूनच. अभंग मराठी माणसाच्या श्वासाला बसतो. मोठ्या अभंगाच्या ओळीत अक्षरं सहा, सहा, सहा, चार अशी पडतात. शेवटच्या चारावर आपोआप टेकायला मिळतं, तिथेच लोक श्वास घेतात. शिकवावं लागत नाही.

इंग्रजी चालीत ही सोय नाही. तिथे लांब सूर कुठे यावा हे इंग्रजी शब्दांच्या आघातांवरून ठरलेलं, आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला अर्थ आहे. लांब सुरावर 'दिन' आला की त्याचा 'दीन' होतो: दिवसाचा गरीब. 'देवसुत' मधला सु ताणला की ऐकणाऱ्याला सूत ऐकू येतं, धाग्याचं. हे सुधारता येतं. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं तर ते थोडक्यात म्हणून उरलेला वेळ पुढच्या अक्षराला द्यायचा, 'सुऽऽत' ऐवजी 'सुतऽऽ'. सूर तोच राहतो, शब्द वाचतो. बुधवारी पुस्तकात पेन्सिलीनं अशा अक्षरांखाली खूण करून ठेवा. एका गीतात तीन-चारच निघतात.

गुरुवार: पट्टी

माझी ती फजिती इथलीच, म्हणून इथे जरा थांबतो.

पुढे गाणारा बहुधा बरा गाणारा असतो आणि बरा गाणारा वर चढतो. मंडळी चढत नाही. गाण्याची तालीम नसलेल्या बायका-पुरुषांना मिळून आरामात गाता येतं ते साधारण एक सप्तक आणि वर चार सूर, एवढंच. पेटीवर सांगायचं तर मधल्या सप्तकाच्या अलीकडची काळी पाच ही खालची वेस आणि मधलं सप्तक ओलांडून लागणारी काळी दोन ही वरची. बायका तिथे गातात, पुरुष त्याच्याच खालच्या सप्तकात. गीताचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा आणि सगळं गीत या दोन वेशींच्या आत बसेल असा सा धरा.

उदाहरण घ्या. (मंद्र म्हणजे खालचं सप्तक, मध्य मधलं, तार वरचं.) माझं त्या दिवशीचं गीत मध्य सा पासून तार ग पर्यंत जाणारं होतं. सा काळी एकला धरल्यावर तार ग जातो पांढरी चारवर, वेशीच्या बाहेर दोन पट्ट्या. तेच काळी पाचला धरलं असतं तर तार ग पांढरी दोनवर आला असता आणि आजी गायल्या असत्या. गीत मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत फिरत असेल तर काळी दोन बरी पडते. आणि ओवीसारखं खालीच घोळणारं, मंद्र प ते मध्य ध एवढंच, असेल तर पांढरी चार.

या तीन पट्ट्या मी मुद्दाम निवडल्यात. तबला काळी पाचला लावला की काळी पाचच्या गीतांना तो षड्जात मिळतो, काळी दोनच्या गीतांना तोच सूर पंचम होतो आणि पांढरी चारच्या गीतांना मध्यम. म्हणजे सबंध उपासनेत एकदाही हातोडी काढावी लागत नाही. प्रार्थना चालू असताना तबलजी ठाकठूक करतोय हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं सुख कळेल.

शंका असेल तर एक कसोटी आहे. घरातल्या न गाणाऱ्या माणसाला सर्वांत वरची ओळ हळू आवाजात म्हणायला सांगा. हनुवटी वर गेली की पट्टी जास्त झाली. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला तर आणखी एक पट्टी उतरा; पाच वाजता कुणाचाच गळा उघडलेला नसतो, आणि पाचगणी-महाबळेश्वराकडे तर तोंडातून वाफ निघत असते.

पेटीबद्दल एक तक्रार करून पुढे जातो. पेटी सूर दाखवते, पण धरून ठेवत नाही, भाता थांबला की संपलं. गायकवृंदाचा सूर पक्का करायला तंबोरा लाख पटींनी बरा, आणि आपण तर मिरजेच्या दारात राहतो. सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले असतात, कुणी जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जमवत, बसलेला असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आपल्या किती चर्चमध्ये तंबोरा आहे? मोबाइलवरचा चालेल, अगदी चालेल. तालमीत वीस मिनिटं तो लावून नुसता 'आ'कार लावा, शब्द नाहीत. महिन्याभरात फरक ऐकू येतो.

वाद्यांवरून वाद होतातच. टाळ नको, ढोलकी तमाशाची, गिटार पोरांची. स्तोत्रसंहिता १५० सहाच वचनांचं आहे आणि त्यात कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्यं, पावा आणि दोन जातींच्या झांजा येतात. पुढे वाद घालायचा असेल तर ते वाचून घाला. माझी अट एकच: शब्द झाकले जाता कामा नयेत. पावसाळ्यात तबल्याची शाई-पुडी सर्दावते, सूर उतरतो. साताऱ्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर तबल्याऐवजी टाळ आणि खंजिरीवर भागवणं शहाणपणाचं.

शनिवार: तालीम

दीड तास पुरे. सात म्हटलं की साडेसातला माणसं येतात. ऊसतोडीच्या हंगामात तर आठ. मी आता साडेसातच सांगतो आणि सातला जाऊन पेटी पुसत बसतो.

तालमीत पहिलं गीत रविवारचं सर्वांत अवघड घ्या, माणसं ताजी असतात तेव्हा. धृपद तीनदा, पहिलं कडवं तीनदा, आणि मग तिसऱ्या कडव्यावर उडी मारा. सगळे गायकवृंद पहिलं कडवं छान गातात, कारण तालीम नेहमी पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीत शब्द बसत नाहीत आणि ते रविवारीच कळतं.

लय ठरवायला घड्याळ नको. सर्वांत लांब ओळ साध्या माणसाला एका दमात म्हणता आली पाहिजे. शब्दाच्या मध्येच श्वास तुटला तर लय थोडी वाढवा, जीभ अडखळली तर उतरवा. ठेका साधा: अभंगाला भजनी, बाकीच्याला केरवा किंवा दादरा. तबलजीनं दोन ओळींच्या मधे लग्गी, म्हणजे जलद बोलांची भर, लावली की लोकांना पुढची ओळ कुठे उचलायची ते कळत नाही. त्याला शांतपणे सांगावं लागतं, आणि शक्यतो चहा पिताना.

मंडळीची लय का ओढली जाते, याचं एक कारण निव्वळ भिंती आहेत. वीस मीटर लांबीच्या दगडी चर्चमध्ये पेटीचा सूर मागच्या बाकापर्यंत जाऊन तिथल्या लोकांचा आवाज पुढे परत येईस्तोवर सेकंदाचा आठवा भाग गेलेला असतो. पेटीवाल्याला वाटतं लोक मागे पडले, म्हणून तो थांबतो. लोकांना वाटतं पेटी मंदावली, म्हणून तेही थांबतात. चौथ्या कडव्यापर्यंत अंत्ययात्रा. उपाय असा की पेटीवाल्यानं लोकांचा आवाज ऐकून हात चालवायचाच नाही, तबलजीच्या डग्ग्याकडे पाहायचं. आणि गायकवृंदातले दोन जण, एक बाई आणि एक पुरुष, मागच्या बाकांवर बसवायचे. पुढे सगळ्यांनी रांगेत उभं राहण्याची हौस असते. पण मागे बसलेले दोघंच खरं गीत ओढून नेतात.

रविवार

तासभर आधी जा. माइक तपासताना "हॅलो, चेक" न म्हणता गीताची सर्वांत वरची ओळ म्हणून बघा, आवाज फाटतो तो तिथेच. पुढच्याचा माइक असा ठेवा की धृपदाची पहिली ओळ स्पष्ट ऐकू जाईल, आणि दुसऱ्या ओळीला माइकपासून हातभर मागे सरका. लोकांना स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तरच ते गातात. स्पीकरनं कान भरले की माणूस श्रोता होतो.

गीताचा क्रमांक दोनदा सांगा, मग पानांची सळसळ थांबेपर्यंत गप्प राहा. ही गप्प राहण्याची दहा-पंधरा सेकंदं नवख्याला फार मोठी वाटतात. त्या वेळात पेटीवर धृपदाची शेवटची ओळ वाजवा. पहिली नव्हे. शेवटची ओळ बहुधा सा वर येऊन थांबते, आणि लोकांना उचलायला सा हवा असतो. पडद्यावर शब्द दाखवत असाल तर एका वेळी चार ओळींच्या वर नको, आणि वीज गेली तर काय, याचं उत्तर तयार हवं. वीज गेल्यावर जी मंडळी थांबत नाही तिथली म्हातारी माणसं पाठ म्हणत असतात. तरण्यांना शेजारी बसवा.

नवं गीत शिकवायचं असेल तर उपासना सुरू होण्याआधीची दहा मिनिटं घ्या. आधी चाल नाही: शब्द बोलून दाखवा, लोकांनी मागून बोलायचे. मग एक ओळ तुम्ही, तीच ओळ ते. त्या दिवशी फक्त धृपद लोकांचं, कडवी गायकवृंदाची. पुढच्या रविवारी एक कडवं लोकांना द्या. तिसऱ्या रविवारी बहुतेक सगळं येतं, आणि लहान मुलांना पहिल्याच दिवशी आलेलं असतं. संडे स्कूलमध्ये आठवडाभर आधी शिकवून ठेवलं तर घरोघरी तालीम फुकट होते.

चूक झाली तर? पट्टी चुकली हे पहिल्या ओळीतच कळतं. थांबा, "पुन्हा घेऊ या" म्हणा, खालून धरा. चार कडवी ओरडून काढण्यापेक्षा हे बरं. मला हे उमगायला ती हंगामाची उपासना लागली.

चर्चच्या बाहेर

घरच्या प्रार्थनेत पेटीचा अट्टहास नको. दहा बाय बाराच्या खोलीत टाळ्या आणि एक टाळ भरपूर झाला. तिथे गीत घरच्या माणसाला निवडू द्या. तो बहुधा वडिलांचं आवडतं निवडतो.

नाताळच्या फेरीत गळ्यात अडकवलेली पेटी दवात भिजते, तिला शाल गुंडाळा. एका घरापुढे एकच गीत, दोन कडवी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्यानंच बंद, आणि गल्लीत बिनमाइकचं गाणं जास्त गोड लागतं. शेजारची बिगरख्रिस्ती मंडळीही दारात येऊन उभी राहतात. मग एखादा ओळखीच्या भजनी ठेक्यातला अभंग घ्या. त्यांचेही हात टाळीला उठतात.

मयताच्या घरी तबला नाही. पट्टी आणखी दोननं खाली, कारण रडलेल्या गळ्याला वर जाता येत नाही. पाठ असलेलीच गीतं घ्या. घरचे लोक मध्येच थांबतील, पुढच्यानं थांबू नये. पुढच्याचाच गळा दाटला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा: शेजारच्यानं न विचारता ओळ उचलायची. आम्ही ते तालमीत करून पाहिलंय, मध्येच गप्प होऊन. पहिल्यांदा सगळे हसले.

वही

एक दोनशे पानी वही पेटीतच ठेवा. दर रविवारी दुपारी जेवायच्या आधी पाच ओळी: गीताचा क्रमांक, पट्टी, ठेका, किती कडवी, काय बिघडलं. वर्षभरात कुठली गीतं झिजलीत आणि कुठली कधी उघडलीच नाहीत ते दिसतं. तुमच्या जागी उद्या कुणी बसलं तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. माझ्या वहीतली हंगामाच्या सणाच्या पुढच्या वर्षीची नोंद अशी आहे: "तेच गीत. काळी पाच. केरवा. पाचही कडवी. चौथ्यात तबला पळाला. कोंबड्या तीन."